आकड्यांच्या नादी लागलेले कापरेकर मास्तर

संगणकाची भाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला एकच कृती पुन्हा पुन्हा करवून घेणारी आज्ञा कशी लिहावी हे शिकवताना काही ठरावीक उदाहरणे दिली जातात. त्यांपैकी एका उदाहरणाने जगभर घर केले आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. तिचे अंक आधी उतरत्या आणि मग चढत्या क्रमाने मांडावेत. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. येईल त्या उत्तरावर पुन्हा तीच कृती करावी आणि ६१७४ येईपर्यंत थांबू नये. सगळे अंक सारखे असलेल्या संख्या सोडल्या, तर ६१७४ आल्यावाचून राहत नाही. या कृतीला आणि या संख्येला कापरेकरांचे नाव आहे. नांदेडला किंवा लातूरला संगणकासमोर बसून ही आज्ञावली लिहिणाऱ्या मुलाला नाव ओळखीच्या वळणाचे वाटते. पण हे कापरेकर कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते, त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवीही नव्हती आणि त्यांनी नोकरीची सारी वर्षे नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर म्हणून काढली, हे त्याला सहसा ठाऊक नसते.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या आयुष्यात नाट्यमय म्हणावे असे प्रसंग थोडे. ना परदेशगमन, ना मोठे पद, ना मोठे उत्पन्न. नोकरी करावी, मुलांना शिकवावे आणि उरलेला वेळ आकड्यांशी खेळावे, एवढाच त्या आयुष्याचा क्रम. एखाद्या माणसाने यंत्राचे भाग सुटे करून पुन्हा जोडत बसावे, तसे ते संख्यांचे अंक सुटे करीत, उलटे लावीत, त्यांची बेरीज घेत आणि काय निघते ते पाहत. या छंदापायी त्यांना हसणारेही पुष्कळ भेटले. अशा छंदाला आयुष्य देणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून आपोआप पुढे येतो.

डहाणू ते फर्ग्युसन

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. आज ते पालघर जिल्ह्यात आहे. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली आणि पुढे वडिलांनीच त्यांना वाढवले. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाची आवड होती. पत्रिका मांडायची म्हणजे अंश, कला, घटका, पळे यांचे हिशेब आलेच. त्या विद्येविषयी कोणाचे मत काहीही असो, आकडेमोडीला न कंटाळण्याची सवय मुलाला या घरातून मिळाली. ज्या वयात इतर मुलांना पाढे पाठ करणे नकोसे होते, त्या वयात हा मुलगा कोडी सोडवण्यात रमू लागला.

माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. तेथेही कोड्यांचा नाद सुटला नाही. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. फर्ग्युसनचे नाव त्या काळी रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाशी जोडलेले होते. केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय म्हणून परांजप्यांची कीर्ती घरोघरी पोहोचली होती. त्यांच्या नावाने स्वतंत्र गणिती कामासाठी विद्यार्थ्याला पारितोषिक दिले जाई. ते १९२७ साली कापरेकरांना मिळाले. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. पुढे मात्र ते शिकले नाहीत. १९३० पासून देवळालीच्या शाळेतली नोकरी सुरू झाली आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते गाव सोडले नाही.

देवळालीचा मास्तर

देवळाली हे लष्करी छावणीचे गाव. इंग्रजी अमदानीत मायदेशी परतणारे गोरे शिपाई येथील तळावर जहाजाची वाट पाहत दिवस कंठीत. उकाडा, आजार आणि रिकामपण यांनी त्यांतले काही भ्रमिष्ट होत. त्यावरून या गावाच्या नावाचाच अपभ्रंश इंग्रजी बोलीत वेडसर या अर्थाने रूढ झाला आणि शब्दकोशात जाऊन बसला. अशा गावात एक शाळामास्तर दिवसरात्र आकड्यांत बुडालेला असावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. आपल्याला लागलेला हा नाद सुटणारा नाही, याची कापरेकरांना पुरती जाणीव होती आणि त्याबद्दल त्यांनी कधी खंत केली नाही.

शिक्षक म्हणून त्यांचे नाव चांगले होते. गणिताची भीती वाटणाऱ्या मुलांसमोर ते संख्यांच्या गमती मांडीत आणि त्या वाटेने त्यांना विषयाकडे वळवीत. आसपासच्या महाविद्यालयांतूनही त्यांना व्याख्यानाची बोलावणी येत. राहणी अत्यंत साधी होती. खर्च करण्यासारखा एकच शौक होता आणि तो म्हणजे आपले शोध छापून घेणे. गणिताच्या नियतकालिकांत जे छापून येईल ते येई. बाकीचे ते पुस्तिकांच्या रूपाने स्वतः छापून घेत आणि त्यावर प्रकाशनस्थळ म्हणून देवळालीचे नाव असे. जगातल्या गणिताच्या ग्रंथालयांत आणि संदर्भसूचींत या छोट्या गावाचे नाव गेले ते या पदरमोडीमुळे.

रेल्वे स्थानकावरची संख्या

कापरेकरांना संख्या कोठेही भेटत. त्यांनी अभ्यासलेल्या संख्यांचा एक वर्ग ‘डेम्लो संख्या’ या नावाने ओळखला जातो. हे नाव कोणा गणितज्ञाचे नाही. मुंबईपासून तीस मैलांवर जी.आय.पी. रेल्वेचे डेम्लो नावाचे स्थानक होते. तेच आजचे डोंबिवली. या संख्यांची कल्पना त्यांना त्या स्थानकावर सुचली, म्हणून त्यांनी स्थानकाचे नाव संख्यांना देऊन टाकले. नांदेडहून मनमाडमार्गे मुंबईला जाणारी गाडी देवळालीवरून आणि पुढे डोंबिवलीवरून जाते. लातूरहून पुणेमार्गे जाणारी गाडीही कल्याण सोडल्यावर डोंबिवली ओलांडते. रोज लाखो प्रवाशांची दाटी असलेल्या या स्थानकाचे नाव संख्याशास्त्रात आहे, हे त्या गर्दीतल्या फार थोड्यांना माहीत असेल.

डेम्लो संख्या ओळखायला सोपी असते. तिच्या मधल्या भागात एकच अंक एकदा किंवा अनेकदा येतो आणि दोन्ही टोकांच्या भागांची बेरीज केली की तोच अंक मिळतो. १६५ घ्या: टोकांचे १ आणि ५ मिळून मधला ६ होतो. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५ होतात आणि मध्ये ५ दोनदा आहे. ४७७७३ मध्येही ४ आणि ३ मिळून ७. या कल्पनेचा विस्तार करीत कापरेकर ११, १११, ११११ यांच्या वर्गांपर्यंत गेले. १२१, १२३२१, १२३४३२१ हे वर्ग चढत जाऊन उतरणाऱ्या जिन्यासारखे दिसतात आणि तेही याच कुळात गणले जातात.

नव्या कुळांची नावे

त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘कापरेकर संख्या’ याहून अधिक प्रसिद्ध आहेत. संख्येचा वर्ग करावा, त्याचे दोन तुकडे करावेत आणि त्यांची बेरीज करावी. मूळ संख्या परत आली, तर ती कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळून ४५. वर्षाच्या रूपाने आलेला २०२५ हा आकडा असा कापरेकरांच्या घरचा होता. ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. पुढे २९७ आहे: तिचा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ मिळून पुन्हा २९७. त्यापुढे ७०३: वर्ग ४९४२०९, आणि ४९४ व २०९ मिळून ७०३. अशा संख्या विरळ आहेत आणि हाताने शोधायच्या म्हणजे गुणाकारांचे ढीग घालावे लागतात.

आपल्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ असे संस्कृत नाव दिले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. रामानुजनच्या आठवणीने अमर झालेली १७२९ ही संख्या हर्षद आहे: तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. गंमत अशी की १९ उलटे लिहिले की ९१ होतात. हर्षद हे नाव आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत जसेच्या तसे वापरले जाते.

तिसरे कूळ स्वयंभू संख्यांचे. एखादी संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. १५ मध्ये १ आणि ५ ची बेरीज मिळवली की २१ होतात. म्हणजे १५ हा २१ चा जनक. काही संख्यांना दोन जनक असतात: ९१ पासूनही १०१ मिळतात आणि १०० पासूनही. पण २० या संख्येला जनकच सापडत नाही. ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ यांनाही नाही. कोणापासून न जन्मलेल्या या संख्यांना आपल्या गावावरून ‘देवळाली संख्या’ असेही नाव मिळाले. एखादी संख्या स्वयंभू आहे की नाही हे तिच्या मागच्या सगळ्या संख्या न तपासता कसे ओळखावे, याचा त्यांनी बारकाईने विचार केला आणि त्यावर १९६३ साली स्वतःच पुस्तिका छापली.

आपल्या सालांची परीक्षा

कापरेकरांना सर्वांत मोठी कीर्ती दिली ती ६१७४ या संख्येने. तिचा गुणधर्म त्यांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला आणि नंतरच्या वर्षांत न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात तो छापून आला.

मराठवाड्यातल्या वाचकाने आपल्याच सालांवर हा प्रयोग करून पाहावा. हैदराबाद मुक्तिसंग्राम यशस्वी झाला ते साल १९४८. अंक उतरत्या क्रमाने ९८४१, चढत्या क्रमाने १४८९, वजाबाकी ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. दोन पायऱ्यांत काम झाले. लातूर जिल्हा अस्तित्वात आला ते साल १९८२: ९८२१ वजा १२८९ म्हणजे ८५३२, आणि लगेच पुढच्या पायरीला ६१७४. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते साल १९९४ मात्र सहज हाती लागत नाही. ते ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ अशी वळणे घेत सातव्या पायरीला ६१७४ वर पोहोचते. सातापेक्षा जास्त पायऱ्या कोणत्याच संख्येला लागत नाहीत. खुद्द कापरेकरांचे जन्मसाल १९०५ घेतले तर ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. म्हणजे तेही पूर्ण सात पायऱ्या चढायला लावते.

एकदा ६१७४ आली की पुढे हालचाल नाही. ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा तीच. तीन अंकी संख्यांचे असेच ठिकाण ४९५ हे आहे. दोन अंकी संख्यांना असे विश्रांतिस्थान नाही. त्या ८१, ६३, २७, ४५, ९ अशा फेऱ्यात फिरत राहतात. पाच अंकी संख्याही एका जागी न थांबता वेगवेगळ्या फेऱ्यांत अडकतात. म्हणजे चार अंकांच्या बाबतीत जे घडते ते सर्वत्र घडत नाही, आणि म्हणूनच ते शोधून काढावे लागते.

हा शोध लागला तेव्हा देशात एकही अंकीय संगणक नव्हता. असा पहिला संगणक १९५५ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला. आज एखादा विद्यार्थी दहा-पंधरा ओळींची आज्ञावली लिहितो आणि सुरुवातीचे शून्य धरून सर्व ९,९९० संख्या क्षणात तपासून मोकळा होतो. हाताने हे करायचे तर जन्म पुरेल का, असे वाटते. पण थोडा विचार केला की काम एकदम आटोक्यात येते. उतरत्या क्रमाने लावलेल्या चार अंकांत पहिल्या व चौथ्या अंकांमधला फरक ९९९ ने गुणावा, दुसऱ्या व तिसऱ्या अंकांमधला फरक ९० ने गुणावा आणि दोन्ही गुणाकारांची बेरीज करावी. वजाबाकीचे उत्तर तेच. ६१७४ च्या बाबतीत हे फरक ६ आणि २ आहेत: ५९९४ अधिक १८० म्हणजे ६१७४. सारा खेळ या दोन फरकांवर चालतो, आणि अशा फरकांच्या जोड्या सगळ्या मिळून ५४ होतात. जवळजवळ दहा हजार संख्यांचा प्रश्न ५४ वजाबाक्यांवर येऊन ठेपतो. त्या एका संध्याकाळी वहीच्या दोन पानांवर करता येतात. यंत्राचा वेग नसतानाही आकड्यांच्या नादी लागलेला माणूस इतका दूर का जाऊ शकला, याचे उत्तर या दोन पानांत आहे.

हसणारे आणि न हसणारे

तरीही जाणकारांनी त्यांची फारशी कदर केली नाही. देशातले अनेक गणितज्ञ कापरेकरांच्या शोधांकडे पोरखेळ म्हणून पाहत. त्यांच्या आक्षेपाला आधार नव्हता असे नाही. वर्गाचे तुकडे करणे, अंक उलटे लावणे, अंकांची बेरीज घेणे, हे सारे आपण दहाच्या पटीत आकडे लिहितो म्हणून घडते. आठाच्या किंवा बाराच्या पटीत लिहिले असते, तर संख्या त्याच राहिल्या असत्या, पण ही नवलाई बदलली असती. त्यामुळे ही नवलाई लिहिण्याच्या पद्धतीची आहे, संख्येच्या स्वभावाची नाही, असे त्यांचे म्हणणे. रामानुजनला केंब्रिजला नेणारे हार्डी यांनीही १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात अशाच गमतींची उदाहरणे देऊन त्या गंभीर गणितात बसत नाहीत, असा निर्वाळा दिला होता. उलटे केल्यावर मिळणाऱ्या संख्येने पूर्ण भाग जाणाऱ्या ८७१२ आणि ९८०१ या संख्या त्यांनी उदाहरणादाखल घेतल्या होत्या. त्यांतली ९८०१ ही ९९ चा वर्ग आहे, आणि ९८ व ०१ मिळून ९९ होत असल्याने ९९ ही कापरेकर संख्याच आहे.

हार्डींचा दंडक मोठ्या गणिताचा होता. त्या दंडकाने मोजले तर कापरेकरांचे काम लहान ठरते, हे मान्य करावे लागेल. पण पुढे काय घडले तेही पाहावे. २००० साली डग्लस इयानुची या गणितज्ञाने दाखवून दिले की कापरेकर संख्यांचा ९९, ९९९, ९९९९ अशा संख्यांच्या एका विशिष्ट प्रकारच्या विभाजकांशी नेमका संबंध आहे. त्या विभाजकांवरून सगळ्या कापरेकर संख्या मिळवता येतात. तसेच, ज्या शून्य-एकाच्या द्विमान पद्धतीत संगणक आकडे मोजतो, त्या पद्धतीत प्रत्येक सम परिपूर्ण संख्या ही कापरेकर संख्या असते. २८ ही परिपूर्ण संख्या घ्या. तिचा वर्ग ७८४. द्विमानात तो ११०००१०००० असा लिहिला जातो. त्याचे ११०० आणि ०१०००० असे दोन तुकडे केले की आपल्या मोजणीत ते १२ आणि १६ होतात, आणि त्यांची बेरीज २८. युक्लिडच्या काळापासून अभ्यासल्या गेलेल्या संख्यांशी देवळालीच्या मास्तरांचा खेळ असा जाऊन भिडतो. वरवर दिसणाऱ्या गमतीखाली काही रचना आहे की नाही, हे ती गमत कोणी आधी नोंदवून ठेवल्यावाचून कळत नाही.

निवृत्तीनंतरचे दिवस

१९६२ साली कापरेकर निवृत्त झाले. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेल्या संगणकाला पंडित नेहरूंनी टिफ्रॅक हे नाव दिले. एका बाजूला एका खोलीभर पसरलेले ते यंत्र आणि दुसऱ्या बाजूला शाळेतून घरी परतलेला, कागद-पेन्सिल घेऊन बसलेला मास्तर, असे ते चित्र होते. आकड्यांची तपासणी पुढे यंत्रे करणार होती. पण काय तपासायचे याची यादी कापरेकरांनी आधीच करून ठेवली होती.

चार वर्षांनी, १९६६ साली, त्यांच्या पत्नीचे निधन झाले. हाती असलेले निवृत्तिवेतन जगण्याला पुरेसे नव्हते. त्यांच्या गरजा मुळातच कमी होत्या, तरीही दोन टोके जुळेनात. मग त्यांनी गणित आणि विज्ञानाच्या खाजगी शिकवण्या सुरू केल्या. ज्या वयात इतरांना विश्रांती मिळते, त्या वयात उपजीविकेसाठी पुन्हा मुलांना शिकवत बसावे लागणे सुखाचे नव्हते. आणि तरीही आकड्यांचा उद्योग थांबला नाही. १९७४ साली, त्यांच्या वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, कोपर्निकसच्या नावाने रचलेल्या जादूच्या चौरसावरचा त्यांचा लेख भारतीय विज्ञान इतिहासाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

जगाला ओळख पटली ती त्यानंतर. अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर हे गणिताच्या खेळांवर सदर लिहीत. लाखो वाचक त्याची वाट पाहत. मार्च १९७५ च्या अंकात त्यांनी कापरेकरांच्या संख्यांवर लिहिले आणि देवळालीचे नाव जगभर झाले. या वर्षाला आणखी एक महत्त्व आहे. घरी सुटे भाग जोडून तयार करता येणारा अल्टेअर हा संगणक जानेवारी १९७५ मध्येच अमेरिकेतल्या एका मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकला होता आणि संगणक ही हौशी माणसांच्या हाती येणारी वस्तू झाली होती. अशा हौशी माणसाला आपले यंत्र चालवून पाहण्यासाठी छोटे, नेमके आणि उत्तराची उत्सुकता वाढवणारे प्रश्न हवे असतात. कापरेकरांचे प्रश्न नेमके तसेच होते. समजायला पाचवीचे गणित पुरे आणि तपासायला यंत्राचा वेग हवा. ज्या खेळाला विद्वानांनी हसून बाजूला सारले होते, तो या नव्या हौशी जमातीच्या हाती अलगद येऊन पडला.

कापरेकर १९८६ साली वारले. त्यांच्या हयातीत त्यांना मोठे सन्मान मिळाले नाहीत. पण आज संगणकावर पूर्णांकांच्या मालिकांचा जो मोठा जागतिक कोश आहे, त्यात कापरेकर संख्या, हर्षद संख्या आणि स्वयंभू संख्या यांना स्वतंत्र नोंदी आहेत. कोणत्याही देशातला विद्यार्थी तेथे गेला की त्याला एका मराठी शाळामास्तराचे आडनाव वाचावे लागते.

छंदाचे मोल

कापरेकरांचे चरित्र वाचून दोन प्रकारचे निष्कर्ष काढता येतात. एक असा, की चांगले विद्यापीठ, मार्गदर्शक आणि थोडा पैसा मिळाला असता तर एवढी चिकाटी असलेला माणूस मोठ्या गणिताकडे वळला असता. त्याला तसे न मिळणे हे आपल्या व्यवस्थेचे अपयश. निवृत्तीनंतर पोटासाठी शिकवण्या कराव्या लागल्या, ही गोष्ट तर सरळच लाजिरवाणी आहे. दुसरा निष्कर्ष असा, की ज्या वाटेने ते गेले ती वाट मोठ्या गणितज्ञाने धरली नसती. अशा किरकोळ दिसणाऱ्या प्रश्नांवर वेळ घालवणे त्याला परवडले नसते. शाळामास्तराला ते परवडले, कारण त्याच्याकडून कोणाचीच अपेक्षा नव्हती.

या दोन्ही निष्कर्षांत तथ्य आहे. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या गावांत संगणकाशी खेळत बसणारी मुले आता पुष्कळ आहेत. नांदेडला श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, लातूरला परीक्षांच्या गुणवत्तेची परंपरा आहे. परीक्षेत काय विचारले जाईल हे या मुलांना पक्के ठाऊक असते आणि उत्तर शोधायला यंत्र हाताशी असते. वेळ मात्र नसतो, आणि ज्याचा गुणांशी संबंध नाही अशा प्रश्नामागे लागण्याची मुभा घरात क्वचितच मिळते. अशा मुलाच्या हाती आई-वडिलांनी एखाद्या सुट्टीच्या दिवशी कागद-पेन्सिल द्यावी आणि ५४ वजाबाक्या करून पाहायला सांगाव्यात. संगणक ६१७४ हे उत्तर क्षणात सांगतो. त्या वजाबाक्या हाताने करताना ते उत्तर का येते हे कळू लागते, आणि पाच अंकांचे काय, सहा अंकांचे काय, असे पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. कापरेकर मास्तरांनी देवळालीत बसून आयुष्यभर तेवढेच केले.